गुडघेदुखी एकट्याने सोसू नका

सोयाबीनची काढणी झाली की गुडघे धरून येणाऱ्या मावश्या वाढतात. अशाच एका मावशींना मी व्यायामाचा छापील कागद दिला होता. महिन्याने कागदाची घडीही मोडलेली नव्हती. म्हणाल्या, "डॉक्टर, मला वाचता कुठं येतंय?" चूक माझी होती. मधल्या काळात त्या दुकानातून आणून रोज वेदनाशामक गोळी खात होत्या. अशा गोळ्या फार दिवस घेतल्या तर पोटात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडही बिघडू शकते.

तेव्हापासून मी घरातल्या एकाला सोबत बोलावतो आणि त्यालाच व्यायाम शिकवतो. खुर्चीत बसा, पाय सरळ करा, दहा मोजेपर्यंत धरा, सोडा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याला आधार मिळतो. वजन १ किलो उतरले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो.

तुम्हीही कामे वाटून घ्या. मुलाने कमोडची सोय करावी. नातवाने काठी आणावी. ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. चालू गोळ्या आशाताईंना दाखवा. एवढे करूनही रात्री झोप मोडत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा. नांदेडला विष्णुपुरीचे आणि लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच. जाताना जुने एक्स-रे आणि गोळ्यांची पाकिटे न्या.

त्या मावशी आता बचत गटाच्या बैठकीआधी सगळ्यांकडून व्यायाम करून घेतात. दहापर्यंतचे आकडे त्याच मोजतात. कागदाची गरज पडत नाही.