पायऱ्या नसलेला घाट

नाशिककराला पाण्यात उतरायचे ते पायऱ्यांनी. रामकुंड घ्या नाहीतर गोदाकाठचा दुसरा कुठलाही घाट घ्या. एकेक पायरी खाली, मग घोट्याएवढे पाणी, मग ओंजळ. आमची पाण्याशी सारी ओळख तीर्थाच्या नात्याने झालेली. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि 'गंगेवर जाऊन येतो' म्हटले की कोणती गंगा, असे नाशकात कुणी विचारत नाही. मात्र या गंगेच्या काठी जन्म काढलेल्या माणसांपैकी पोहता येणारे किती, हा प्रश्न कुणी विचारू नये हे बरे. निदान आमच्या घरी विचारू नये!

शहरापासून पंधराएक किलोमीटरांवर, गंगापूर धरणाच्या जलाशयाकाठी, मी पायऱ्या नसलेला घाट पाहिला. त्र्यंबकेश्वराकडून येणारी गोदावरी येथे अडवली आहे. धरण मातीचे, साडेतीन किलोमीटरांहून लांब, १९६५ साली पुरे झालेले. दिवाळीच्या सुमारास जलाशय काठोकाठ भरलेला असतो आणि पलीकडे सह्याद्रीचे डोंगर धुऊन ठेवल्यासारखे दिसतात. बोट क्लबात जाणारी मंडळी लाइफ जॅकेट चढवतात, एक फेरी मारतात, भजी खातात आणि परततात. त्यात वाईट काही नाही. भजी उत्तम होती. पण माझे लक्ष खिळले ते काठावरून सरळ पाण्यात शिरलेल्या उतारावर.

बोटी पाण्यात सोडायच्या त्या या उतारावरून. चाकांच्या गाड्यावर बोट ठेवायची, तो मोटारीला जोडायचा आणि मागे मागे पाण्यात न्यायचा. बोट तरंगली की गाडा वर ओढून घ्यायचा. ऐकायला सोपे. प्रत्यक्षात सुकाणूचक्र डावीकडे फिरवले की गाडा उजवीकडे जातो. शहरी चालक येथे घामाघूम होतो. द्राक्षांच्या हंगामात ट्रॅक्टरची ट्रॉली बांधावरून मागे घेणारा आपल्याकडचा शेतकरी मात्र हे काम विडी न विझवता करील. शिवाय आपला जलाशय एका पातळीवर राहत नाही. पावसाळ्याअखेर पाणी उताराच्या माथ्याशी येते आणि उन्हाळ्यात इतके खाली जाते की उताराचे टोक पुरेसे लांब बांधलेले नसेल तर पुढे नुसता चिखल. पाण्याची रेघ जिथे मागेपुढे होते तिथे शेवाळ धरते. "मास्तर, पाय आडवा टाका, शेवाळ हाय," असे जाळे आवरणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला बजावले. प्राध्यापकी चेहरा लपत नाही, हेच खरे.

मी तेथे गेलो तो आमच्या कन्येपायी. ती अकरावीत आहे आणि तिला वल्हवण्याच्या शर्यतीचे वेड लागले आहे. तिची आजी म्हणते, "पोरीच्या जातीला पाण्याशी कशाला खेळ?" आजीची भीती खोटी नाही, धरणांत बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. पण भीतीचा उपाय पाण्यापासून दूर राहणे हा की पाणी शिकणे हा, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

मला राहून राहून आठवत होता तो दत्तू भोकनळ. आपल्याच जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा. गाव दुष्काळी, विहिरी खणायला जाणारे घर. हा मुलगा २०१२ साली सैन्यात भरती झाला, पुण्याला गेला, आणि तेथे पहिल्यांदा बोटीत बसला. त्यालाही आधी पाण्याची भीती वाटे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या बोटीत तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्णपदक घेऊन आला. नाशिक जिल्ह्याला धरणांचा तोटा नाही. पण त्याला वल्हे सापडले ते पुण्यात, खाकी चढवल्यावर. धरण आपण शेताला आणि नळाला बांधले, ते योग्यच. पण पोराला पाण्यापाशी जाता येईल अशी एक वाट ठेवावी, हे आपल्याला फार उशिरा सुचले.

म्हणून हा उतार मला घाटाइतकाच मोलाचा वाटतो. तो सगळ्यांचा आहे आणि रुंदी थोडी आहे, तेव्हा रीतही हवी. दोऱ्या सोडणे, सामान चढवणे हे वर बाजूला उरकावे; उतारावर यावे ते बोट सोडायलाच, आणि सोडली की जागा मोकळी करावी. आम्ही गेलो त्या दिवशी एक सुखवस्तू कुटुंब ऐन मध्ये गाडी उभी करून तिला साबणाचे अभ्यंगस्नान घालत होते! याच जलाशयातून नाशिकच्या नळांना पाणी येते, हे मी सौम्य शब्दांत सांगितले. गृहस्थ म्हणाले, "मग? ते शुद्ध करूनच देतात ना!"

गाडी हलेपर्यंत तीन होड्या खोळंबल्या. कन्या आणि तिची मैत्रीण खांद्यावर ती अरुंद, आठेक मीटर लांब बोट घेऊन उभ्या होत्या. शर्यतीच्या अशा बोटीचे वजन अवघे चौदा किलोच्या आसपास. आमच्या दिवाळीच्या फराळाचे डबे त्याहून जड भरतील. जाळेवाल्या म्हाताऱ्याने आपली होडी बाजूला ओढली आणि म्हटले, "पहिल्या पोरींना जाऊ द्या. त्यांना वारा सुटायच्या आत परत यायचंय."