नित्याचे अभ्यंग

घोडनदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड या दोन तालुक्यांच्या गावी त्वचारोगांची चिकित्सा करणाऱ्या माझ्यासारखीकडे जी मंडळी येतात, त्यांत गजकर्णाने गांजलेले, दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम महिनोन्महिने चोळून तेच गजकर्ण अधिक चिवट करून बसलेले, खरजेपायी सहकुटुंब रात्र रात्र जागणारे, आणि रांजणगाव-कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत तेल, रंग वा रसायने हाताळून हातांची कातडी फुटलेले असे लोक बहुसंख्य असतात. औषध नेमाने घेतले तर यांतले बहुतेक बरे होतात आणि दवाखान्याचा रस्ता विसरतात. या गर्दीत क्वचित एखादे मूल असे येते की, ज्याला त्याच्या आईने भर वैशाखात पदराखाली झाकून आणलेले असते, आणि ते झाकणे उन्हासाठी नसून एस.टी.तल्या शेजाऱ्यांच्या नजरेसाठी असते. हे मूल दवाखान्याचा रस्ता विसरणार नाही, हे मला पदर बाजूला होताच कळते; त्याच्या आईला ते कळायला मात्र वर्ष-दोन वर्षे जातात, आणि मला लिहावयाचे आहे ते मुख्यत्वे त्या वर्ष-दोन वर्षांविषयी व त्यानंतरच्या उभ्या आयुष्याविषयी.

या रोगाला आमच्या शास्त्रात इक्थिओसिस म्हणतात. निरोगी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील मृत पेशी साधारण महिन्याभराच्या क्रमाने, आपल्या नकळत झडत असतात व खालून नव्या येत असतात. ज्या मुलांत या थराची जडणघडणच जन्मतः सदोष असते, त्यांच्या अंगावर या पेशी न झडता साठून राहतात आणि त्यांचे जाड, तपकिरी, चौकोनी खवले होतात. यांतील सौम्य प्रकार आपल्याकडे विरळ नाहीत. हिवाळ्यात नडग्यांवर पांढुरकी खपली धरणारी कितीतरी माणसे त्या वर्गात मोडतात. मी लिहीत आहे ते त्याच्या दुर्मीळ आणि दारुण प्रकाराविषयी, ज्यात डोक्यापासून तळव्यांपर्यंत एकही जागा सुटत नाही. पेशींचे बाह्य आवरण घट्ट करणारे ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे एक द्रव्य या प्रकारातल्या पुष्कळ मुलांत सदोष असते, हे 1995 साली निष्पन्न झाले. परंतु रोगाचे वर्णन मात्र आपल्याकडे फार जुने आहे. चरकाने कुष्ठाचे जे अठरा प्रकार सांगितले, त्यांतील एककुष्ठ हे माशाच्या खवल्यांसारखे, शरीराचा मोठा भाग व्यापणारे आणि घाम न येणारे असे वर्णिले आहे. आजचे अनेक वैद्य त्याचा संबंध सोरायसिसशी लावतात व त्यांचे म्हणणे मी खोडून काढू इच्छीत नाही. पण ‘घाम न येणारे’ हा बारकावा ज्याने टिपला, त्याने असा एखादा रोगी उन्हाळ्यात जवळ बसून पाहिला असला पाहिजे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

अशी पुष्कळ बालके जन्मतःच एका चकचकीत, ताणलेल्या पापुद्र्यात गुंडाळलेली असतात. वर्तमानपत्रे त्यांना ‘प्लास्टिक बेबी’ म्हणतात. तो पापुद्रा दोन-चार आठवड्यांत आपोआप गळतो, त्याला नख लावावयाचे नसते, बेसनपिठाने चोळून तर मुळीच काढावयाचा नसतो, आणि तोवर बाळाला दमट, उबदार पेटीत ठेवून अंगातले पाणी व क्षार यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. याहूनही उग्र असा जो हार्लेक्विन नावाचा प्रकार, त्यातील एक मुलगी 2016 च्या जून महिन्यात नागपूरच्या लता मंगेशकर रुग्णालयात जन्मली आणि दोन दिवसांत गेली. त्या दोन दिवसांत तिचे छायाचित्र देशभर फिरले व तिला काय काय विशेषणे लावली गेली, ती येथे लिहवत नाहीत. इंग्लंडात अठराव्या शतकात एडवर्ड लॅम्बर्ट नावाच्या इसमाला ‘साळिंदर-मानव’ म्हणून पैसे घेऊन दाखवीत, आणि पुढे त्याच्या वंशजांवरही तीच पाळी आली. तो बाजार उठला असे मानण्यास मला सबळ कारण दिसत नाही, फक्त तिकीट बंद झाले आहे.

घरात मात्र पहिला प्रश्न निघतो तो दोष कोणाचा हाच, आणि उत्तर बहुधा प्रश्नाच्या आधीच ठरलेले असते. ग्रहणात हिने विळी हातात धरली असेल, हिच्या माहेरी कोणी नाग मारला असेल, हिची कूसच तशी असेल. वस्तुस्थिती अशी की, या रोगाच्या बहुतेक दारुण प्रकारांत आई आणि बाप या दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्याखेरीज मूल आजारी पडत नाही, आणि ज्याच्याजवळ असा एकच सदोष जनुक आहे तो माणूस आयुष्यभर निरोगी राहतो, त्यास त्याची गंधवार्ताही नसते. असा दुर्मीळ जनुक दोघांकडेही असण्याचा योग परक्या घराण्यांत क्वचित येतो. एकाच आजोबा-आजींच्या नातवंडांत तो पुष्कळच अधिक संभवतो. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न हा संबंध अनेक जातींना संमत, किंबहुना पसंत आहे, याची साक्षेपी नोंद इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात केलेली आहे. आणि भीमा-घोडेच्या या खोऱ्यात तर ‘मामाची पोर’ करणे हे आजही घर जोडून ठेवण्याचे साधन समजले जाते. अशा बहुसंख्य जोडप्यांची मुले धडधाकट असतात, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे, नाहीतर एका धाकाच्या जागी दुसरा धाक बसतो.

आता या संबंधातली खोच पाहा. मामाची मुलगी सून होऊन येते तेव्हा सासू ही तिची सख्खी आत्या असते. न्हावऱ्याकडच्या एका घरातली अशीच एक आजी नातवाला घेऊन सुनेसह आली होती. सून खाली मान घालून मुलाच्या कानातले खवले कापसाने निपटीत होती आणि आजी सांगत होत्या, “आमच्या घरात असलं कधी नव्हतं बघा डॉक्टरीणबाई, हिच्या माहेरचंच कायतरी आलंय.” मी विचारले, “आजी, हिचं माहेर ते तुमचंही माहेरच ना?” आजी थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे माझ्या भावाकडनं आलं का माझ्याकडनं?” “दोघांकडनं,” मी म्हणाले, “तुमच्या भावानं लेकीला दिलं, तुम्ही लेकाला दिलं, आणि तुम्हा दोघांना आईबापांपैकी कोणीतरी दिलं. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.” पुढच्या खेपेस मलमाचा डबा सुनेच्या नव्हे, तर आजींच्या पिशवीतून निघाला. वंशावळीचा तक्ता कागदावर काढून दाखविण्यास जी दहा मिनिटे लागतात, ती मी कोणत्याही औषधापेक्षा अधिक गुणकारी मानते. त्याच तक्त्यावर दुसरा एक भ्रमही दूर करावा लागतो. चारांत एक असे प्रमाण सांगितले की, ‘एक झालं, आता पुढची तीन चांगली’ असा हिशेब लोक मांडतात. वास्तविक ते प्रमाण प्रत्येक गर्भधारणेस नव्याने लागू असते. पहिल्या मुलाच्या रक्तावरून सदोष जनुक नेमका ठरविला असेल तर पुढच्या गर्भाची तपासणी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास करता येते. करावी की नाही आणि करून काय ठरवावे, हे त्या दोघांचे आहे.

कातडी सापाच्या कातीसारखी दिसते, सबब त्र्यंबकेश्वरास जाऊन नारायण-नागबळी करावा, हा सल्ला जवळपास प्रत्येक कुटुंबाला कोणी ना कोणी दिलेला असतो. मी त्यावर वाद घालीत नाही. ज्या घराने विधी करावयाचा ठरविला आहे, त्याला मी एवढेच सांगते की, प्रवासातही मलम दिवसातून तीन वेळा लावा आणि विधीचा खर्च मलमाच्या पैशातून करू नका.

कारण सारा मामला अखेर त्या मलमावर आणि पाण्यावर येऊन ठेपतो. या रोगाचा उपचार म्हणजे रोज अर्धा तास पाण्यात भिजणे, मऊ पंचाने हलकेच खवले सैल करणे, आणि अंग ओले असतानाच व्हॅसलीन वा तत्सम स्निग्ध द्रव्याचा जाड थर देणे. मग दिवसभरात तोच थर पुन्हा पुन्हा देणे. लहान मुलाला आठवड्याला पाव किलो मलम सहज लागते, आणि आमच्या चिठ्ठ्यांवर मात्र तीस ग्रॅमच्या नळ्या लिहिलेल्या असतात, हा एक विनोदच आहे. युरिया, लॅक्टिक आम्ल यांनी खवले लवकर सुटतात, पण भेगांत ते झोंबतात. तान्ह्या अंगावर सॅलिसिलिक आम्ल तर रक्तात उतरून विषासमान होते. पापण्या बाहेर ओढल्या जातात म्हणून डोळ्यांत थेंब, कान खवल्यांनी बुजतात म्हणून ते साफ करून घेणे, ऊन नीट मुरत नाही म्हणून ड जीवनसत्त्व, नाहीतर पाय वाकतात. शिवाय कातडीवाटे पाणी व उष्णता सतत निसटत असल्याने हे मूल दोघांचे जेवून एकाचीही वाढ धरीत नाही, म्हणून आहारावर नजर. या सर्वांची बेरीज रोज दोन-तीन तासांची होते, आणि ते तास आईच्या दिवसातून वजा होतात. शेतावरचा रोज बुडतो तो निराळाच.

त्यातून पाणी. पाबळ-कान्हूर मेसाईच्या बाजूला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरातील मुलाला ‘रोज अर्धा तास डुंबत ठेवा’ असे लिहून देणे सोपे आहे. एका बापाने यावर तोड काढली ती अशी: पिण्याच्या पाण्याचे प्लॅस्टिकचे पिंप उभे चिरून त्याची डोणी केली, तिला लाकडी ठोकळे लावले, आणि तीन बादल्यांत मूल गळ्यापर्यंत भिजेल अशी व्यवस्था बसविली, तेच पाणी संध्याकाळी ओल्या पंचासाठी. तेव्हापासून मी ती डोणी सर्वांना सुचविते, मात्र रसायनांच्या कारखान्यांतून भंगारात आलेली जी निळी पिंपे आपल्याकडे सर्रास मिळतात, ती या कामी सक्त मना. चैत्र-वैशाखात पाण्याचे महत्त्व दुप्पट होते. घामाची रंध्रे खवल्यांनी बंद असल्यामुळे दौंडच्या चाळीस अंशांच्या दुपारी हे मूल आतून तापत जाते. तो ताप तापाच्या औषधाने उतरत नाही, ओल्या सदऱ्याने उतरतो.

दिवाळीच्या अंकात लिहीत आहे, तेव्हा दोन सूचना अस्थानी होणार नाहीत. ज्या मुलाचे अभ्यंग बारमाही चालू आहे, त्याला नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून घासू नये; भेगांत ते आगीसारखे उतरते. आणि दुसरी गोष्ट खरोखरीच्या आगीची. मलमात पॅराफिन असते, ते कपड्यांत व अंथरुणात मुरते, धुऊनही पुरते जात नाही, आणि असा कपडा पेटला तर नेहमीच्या कपड्यापेक्षा फार झपाट्याने पेटतो. फुलबाजी, पणती, चूल यांपासून या मुलाला दूर ठेवावे, हे मी चिठ्ठीवर लाल शाईने लिहिते.

सरकारदरबारी या मुलांची गणना कोठे होते, हे विचारले तर उत्तर अवघड आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांना मान्यता दिली. त्यांत बरा झालेला कुष्ठरोगी आहे, आम्लहल्ल्याचा बळी आहे, आणि ते योग्यच आहे. पण जन्मजात त्वचारोग हे स्वतंत्र कलम त्यांत नाही. दृष्टी वा श्रवण अधू झाले तर त्या वाटेने दाखला मिळू शकतो, म्हणजे मूल पुरेसे बिघडेपर्यंत थांबावे लागते. 2013 पासून चाललेल्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत व शाळेत येऊन मुले तपासतात, पुढे धाडतात. पुण्यास ससूनला जाणे दौंडकरांना आगगाडीमुळे त्यातल्या त्यात सुकर, शिरूरला रेल्वे नसल्याने नगर रस्त्यावरची एस.टी. हाच आधार. आणि बोटांच्या ठशांची कथा तर स्वतंत्रच. जाड, भेगाळलेल्या बोटांवरच्या रेषा यंत्राला उमटत नाहीत. पाचव्या वर्षी आधारासाठी आणि पंधराव्या वर्षी पुन्हा ठसे द्यावयाचे असतात, आणि पुढे शिधावाटप दुकानातल्या यंत्रावरही अंगठाच मागतात. बुबुळाची खूण किंवा मोबाइलवर येणारा आकडा चालतो, असा नियम आहे. दुकानदाराला तो ठाऊक नसतो, म्हणून माझ्या शिक्क्याचा एक कागद या कुटुंबांच्या खिशात घडी करून ठेवलेला असतो.

रोग समूळ जाईल अशी आशा मी देत नाही. त्वचेला फोड येण्याच्या एका निराळ्या आनुवंशिक रोगात जनुक दुरुस्त करून वाढविलेली त्वचा 2015 साली जर्मनीत एका मुलाच्या जवळजवळ सर्वांगावर बसविली गेली, हे खरे आहे, आणि ते वाचून आलेल्या बापाचे मी मन मोडीत नाही. आमच्या हाती आज आहे ती अ‍ॅसिट्रेटिनची गोळी. ती खवले पुष्कळ उतरविते, पण हाडांवर लक्ष ठेवावे लागते, आणि गोळी थांबविल्यावरही तीन वर्षे गर्भ राहता उपयोगी नाही. ज्या भागात मुलीचे लग्न एका आठवड्यात जमते, तेथे सोळा वर्षांच्या मुलीला ती लिहून देताना मला तिच्या आईशी, आणि आधी त्या मुलीशी, दार लावून बोलावे लागते.

शाळेसाठी मी एक पत्र छापून घेतले आहे: रोग संसर्गजन्य नाही, कुष्ठ नाही, मूल शेजारी बसू द्यावे, उन्हात कवायतीस उभे करू नये, पाण्याची बाटली व ओला रुमाल जवळ असू द्यावा, मधल्या सुटीत मलम लावण्यास आडोसा द्यावा. एका गावच्या मुख्याध्यापकांनी ते उत्साहाने सूचनाफलकावरच लावले. मी निरोप धाडला की, गुरुजी, मुलाचा आजार ही फलकावर लावण्याची बाब नव्हे. त्यांनी पत्र त्याच दिवशी उतरविले, शिक्षकांच्या बैठकीत वाचले, आणि मुलाचा वर्ग पश्चिमेच्या पत्र्याच्या खोलीतून उत्तरेच्या कौलारू खोलीत हलविला. ही सूचना माझ्या पत्रात नव्हती, पुढच्या छपाईत घातली आहे.