जीप नेमकी कुठल्या सालची?

मागचे दोन वीकएंड इथे काही लिहिलं नाही. कारण मी दोंडाईच्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये, कोपरापर्यंत ग्रीस लावून, एका माणसाशी भांडत होतो. मुद्दा एकच. मामांच्या जीपचं "ओरिजिनल" इंजिन कुठलं?

तर झालं असं. मामांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांची जीप, महिंद्राची सीजे-३बी, १९६८ चं मॉडेल, तेव्हापासून खळ्यात ताडपत्रीखाली उभी. मामेभावाचा फोन आला, "दादा, भंगारवाला रोज विचारतोय. तू काय ते सांग." मी म्हटलं विकायची नाही, मी ती नीट करून घेतो. आणि नीट म्हणजे कशी, तर १९६८ ला कारखान्यातून निघाली तश्शी. स्क्रू सुद्धा तसाच. (आमच्या धंद्यातल्या माणसाला "मूळ व्हर्जन"चं फार वेड असतं.)

ज्यांना जीपचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. सीजे-३बी ही त्यातली उंच बॉनेटवाली. बॉनेट उंच का, तर आतलं हरिकेन इंजिन उंच आहे. आधीच्या युद्धातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असायचे. हरिकेनमध्ये इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, ताकद वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली. म्हणून बॉनेट वर उचललं. दिसायला जरा बेढब, पण मला तीच आवडते. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ लाच बंद झालं, आपल्याकडे पुढे कित्येक वर्षं निघत राहिलं.

पण मामांच्या त्या उंच बॉनेटखाली हरिकेन नव्हतंच. मामांनी जीप १९८६ ला सरकारी लिलावात घेतली. पेट्रोलवर लिटरला सात-आठ किलोमीटर. भाड्याच्या धंद्यात हे परवडायचं कसं? १९८९ ला त्यांनी अपघातात गेलेल्या एका गाडीचं डिझेल इंजिन आणून तिच्यात बसवलं. महिंद्रा तेव्हा प्यूजोच्या परवान्यावर बनवायची ते एक्सडीपी ४.९०. (हा आकडा गूढ नाहीये. चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटर बोअर. मला हे कळायला चाळिशी उलटावी लागली.) डिझेल वजनाला जड, म्हणून पुढच्या कमानीत एक जादा पाटा टाकला. माउंटिंग नवीन वेल्ड केली. आणि मागची बॉडी फूटभर वाढवून आत समोरासमोर बाकं टाकली. आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात "पेट्रोल" खोडून "डिझेल" लिहिलंय, बाजूला शिक्का.

मग ती जीप जी पळाली! मिरचीच्या सीझनला बाजारात पोती, लग्नसराईत वऱ्हाड, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. घोड्यांचा बाजार बघायला आम्ही पोरं मागच्या बाकावर बसून जायचो आणि आदल्या दिवशीच्या मिरचीच्या खकाण्याने सारंगखेडा येईपर्यंत शिंकत राहायचो. माझी इंजिनिअरिंगची पहिल्या वर्षाची फी याच जीपच्या ट्रिपांमधून आली. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आत्ता मामींकडून कळलं.

असो. तर मी पुण्यात बसून जुन्या बाजारातून एक हरिकेन शोधलं, सत्तर हजार मोजले आणि टेम्पोत टाकून दोंडाईच्याला नेलं. मिस्तरी पासष्टीचे. १९८९ ला डिझेल बसवलं तेव्हा ते त्या गॅरेजात हाताखाली होते, म्हणजे तसे पक्षपातीच. त्यांनी इंजिनाभोवती एक चक्कर मारली, बिडी पेटवली आणि विचारलं, "भाऊ, हाई जीप तुना मामानी शे का कंपनीनी?"

मी त्यांना ओरिजिनल म्हणजे काय यावर बरंच ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग बोटाने इंजिनाचा नंबर पुसला आणि म्हणाले, हे इंजिन तरी या जीपचं कुठंय? हे पण दुसऱ्याच कुठल्या गाडीचं. तेव्हा आम्ही एक बदललं, आता तू एक बदलतोयस. फरक काय?

उत्तर नव्हतं. रात्री गच्चीवर पडून मोबाईलवर वाचत बसलो आणि वाचता वाचता अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांपर्यंत पोचलो. १९३० च्या दशकात आणि मग महायुद्धानंतर तिथली पोरं जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात उचलायची, मडगार्ड काढून फेकायची, भंगारातून मोठं इंजिन आणून टाकायची आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर पळवायची. १९३२ ची फोर्ड सगळ्यांची लाडकी, कारण स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन तिच्यापासून मिळायला लागलं. आता त्या गाड्या बनवणाऱ्यांमध्ये एक पंथ आहे, "ट्रॅडिशनल"वाल्यांचा. साधारण १९६५ च्या आधी जे मिळत होतं तेच वापरायचं. टायर जुन्या पद्धतीचे, चाकं जुनी, नवीन चकचकीत अॅल्युमिनियम दिसलं की पाप.

गंमत पुढे आहे. फोर्डच्या गाडीत शेवरोलेचं इंजिन टाकलं तर? चालतं! कारण १९५५ ला शेवरोलेचं छोटं व्ही-८ आलं आणि पोरांनी लगेच ते फोर्डमध्ये टाकायला सुरुवात केली होती. म्हणजे कंपनीने जे कधीच केलं नाही ते परंपरेत बसतं, कारण पोरांनी ते वेळेवर केलं. उलट १९३२ च्या साच्याची कोरी करकरीत नवी बॉडी आजही विकत मिळते, तीही बऱ्याच जणांना चालते. ज्या पोरांकडे पैसे नव्हते म्हणून त्यांनी भंगार वापरलं, त्यांच्या भंगाराची नक्कल आता महागात विकली जाते. मला हसू आलं, आणि मग सत्तर हजार आठवले.

आपल्याकडे सरकारने २०२१ ला व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात जपलेली, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेली. वीस हजार भरायचे, नंबरात "व्हीए" अक्षरं मिळतात. पण मग ती रोज रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोलपंप, गॅरेज, बस्स. मला त्या "व्हीए"चा मोह होता, खोटं कशाला बोलू? पण मामांची जीप त्यात बसत नाही. आणि बसवायची तर मामांनी केलेलं एकेक काम पुसून काढावं लागतं. जीप २१ वर्षं पेट्रोलवर होती, त्यातली मामांकडे फक्त तीन. डिझेलवर त्यानंतरची सगळी.

रविवारी सकाळी मिस्तरींना म्हटलं, डिझेलच राहू द्या. ते काही बोलले नाहीत. पंप आधीच खोलून ठेवलेला दिसला, म्हणजे त्यांनी गृहीतच धरलं होतं! दुपारी चारला हीटर दाबून धरला, सेल्फ मारला, तीनदा नुसताच धूर. चौथ्यांदा ती धडधडली. मामी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आते कशी बोलनी!" तेवढंच. परत आत गेल्या.

भांडण मात्र संपलेलं नाही. आता मिस्तरी म्हणतात मागची वाढवलेली बॉडी कापू, ओरिजिनल मापाची करू, फार बेढब दिसते. मी म्हणतो बाकाला हात लावायचा नाही. दिवाळीपर्यंत थांबायला सांगून आलोय, पण गॅस कटर शेडमध्येच आहे आणि मी पुण्यात. हरिकेन ओट्यावर पडलंय, मामींनी त्यावर वाळवणाची टोपली ठेवलीय. कुणाला हवं असेल तर कळवा, पासष्टला देईन.