बावीस घोड्यांचा हिशेब

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दिवाळीच्या रजेत गावी गेलो होतो, गवत कापायला. हसू नका मंडळी!

पाटण तालुक्यात आमचं तीन एकर गवताचं रान आहे. दसरा झाला, पाऊस उघडला की गवत पिकतं. मग ते वेळेवर कापून, वाळवून गंजी लागली पाहिजे, नाहीतर नुसती काडी उरते आणि म्हशी तोंड लावत नाहीत. पूर्वी रानात दहा-बारा विळे चालायचे. आता ते हात पुण्या-मुंबईत आहेत. माझेही त्यातलेच. गेल्या वर्षी निम्मं गवत उभंच वाळून गेलं. आई म्हणाली, "औंदा बी असंच झालं तर म्हशी इकून टाकू." म्हशी गेल्या की तिचं गावात राहायचं कारणच संपतं. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. म्हणून हा यंत्राचा खटाटोप.

चुलतभावाकडे, म्हणजे आप्पादादाकडे, बावीस एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे. त्याला जोडायला मोवर बघायला गेलो. दुकानदारानं साडेपाच फुटी ड्रम मोवर दाखवला आणि म्हणाला, "बावीस घोडे आहेत साहेब, आरामात चालेल." मी मनात गणित केलं : अर्ध्या दिवसात तीन एकर, तिसऱ्या दिवशी ऑफिसला हजर. इसार देऊन मोकळा झालो. ट्रायलला यंत्र रानात आणून द्यायचं ठरलं.

वही-पेन्सिल घेऊन बसलो ते त्यानंतर. (इंजिनियर!) बावीस एचपी इंजिनाचे. मागच्या पीटीओच्या दांड्यापर्यंत पोचतात ते अठरा-एकोणीस. त्यातच चढावर ट्रॅक्टरलाही पुढे जायचंय. ड्रम किंवा तबकड्यांच्या मोवरला तेवढ्याच रुंदीच्या कटर बारपेक्षा साधारण चौपट ताकद लागते, कारण कटर बार कात्रीसारखा कापतो, तर ड्रमची पाती ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगानं फिरून गवत नुसतं झोडपतात. म्हणजे ताकद काठावर. पण मी स्वतःची समजूत काढली की सावकाश चालवू, चालून जाईल.

वजनाचा विचार मात्र केलाच नाही. यंत्र साडेतीनशे किलोच्या आसपास आणि ट्रॅक्टर स्वतः नऊशेचा. लिफ्ट साडेसातशे किलो उचलते असं लिहिलेलं वाचून मी निर्धास्त होतो. पण लिफ्टनं उचलणं वेगळं आणि ट्रॅक्टरनं तोल सांभाळणं वेगळं. हे वजन मागे, आणि त्यातही उजवीकडे बाहेर लटकतं.

ट्रायलच्या दिवशी आप्पादादा मोवर उचलून उतारावरून आडवा निघाला. उजवी बाजू उताराकडे. बांधाजवळ पोचला आणि वरच्या अंगाचं पुढचं चाक जमिनीवरून सुटलं. फार नाही, वीतभर. दादानं त्याच क्षणी लिफ्ट खाली सोडली, मोवर जमिनीला टेकला, चाक परत बसलं. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. बांधावर आई उभी होती. ती काहीच बोलली नाही. घरी गेली, विळा घेऊन आली आणि वरच्या कोपऱ्यातून कापायला बसली.

दुकानदाराला दोष देता येईल, पण मला मनापासून द्यावासा वाटत नाही. त्यानं घोडे मोजले, आणि मी? मी मोवर ट्रॅक्टरला जुळवलाच नव्हता, जमिनीलाही नाही. मी तो माझ्या तीन दिवसांच्या रजेला जुळवला होता.

इसाराचे थोडे पैसे गेले. त्या बदल्यात पाच फुटी कटर बार आणला. वजन जवळपास निम्मं, ताकद ट्रॅक्टरला जाणवतही नाही. पुढच्या बाजूला वजनं लावली. आदल्या दिवशी रानात फिरून दगड वेचले, वारुळांपाशी काठ्या रोवून चिंध्या बांधल्या, कारण दगड लागला की दाते तुटतात. आडवं पडलेलं किंवा दवानं ओलं गवत त्यात गुंततं, म्हणून ऊन वर आल्यावरच सुरुवात करायची. तासाला पाऊण एकर, फार तर एक. कापलेलं गवत पसरून पडतं, त्यामुळे वाळतं मात्र झकास.

अडीच एकर असं कापलं. वरची वीस गुंठे उताराची जमीन यंत्राला द्यायचीच नाही असं आईनं ठरवलं : "तितं इळ्यानंच कापू." कापलंही. मी, दादा आणि ती. माझ्या हाताला फोड आले आणि माझी पेंढी वाहताना दोनदा सुटली. आईनं दोन्ही वेळा ती न बोलता परत बांधली.

रजा अर्थातच वाढवावी लागली. निघताना गंजी अर्धी लागली होती, उरलेली दादानं लावली. परवा फोनवर आई गंजीबद्दल काही बोलली नाही. एक म्हैस माघात व्यायची आहे, एवढंच सांगितलं.

म्हणजे या वर्षी तरी म्हशी आहेत. पुढच्या दिवाळीला आठ दिवसांची रजा टाकायचं ठरवलंय. आईला अजून सांगितलेलं नाही. काकू, तुम्ही हे वाचत असाल तर इतक्यात बोलू नका.

असो.