वॅट आणि हात

उल्हासनगर ते बदलापूर, लेझरची सुपारी द्यायला आलेल्या मंडळाचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘दादा, किती वॅटचा आहे?’ चालवणार कोण, हे कुणी विचारत नाही.

लेझरचा खेळ गाजला तोच मुळी एका वॅटवर. लॉस एंजेलिसच्या आयव्हन ड्रायरनं १९७० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एल्सा गारमायर यांचे लेझरचे प्रयोग पाहिले, त्यांची फिल्म काढली. फिल्मवर ती झळाळी उतरेना. मग यंत्रच लोकांसमोर न्यायचं त्यानं ठरवलं, आणि १९ नोव्हेंबर १९७३ रोजी ग्रिफिथ वेधशाळेच्या तारांगणात ‘लेझेरियम’ सुरू झालं. क्रिप्टॉन लेझरचा किरण लोलकानं फोडलेला. लाल, पिवळा, हिरवा, निळा घुमटावर संगीताबरोबर फिरतोय. चालवणारा तिथंच बसलेला, त्यामुळे दर खेळ निराळा. यंत्रापेक्षा ड्रायरचा हा हट्ट मला मोठा वाटतो.

आमच्या शेजारच्या कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्येच ‘शांबरिक खरोलिका’ दाखवली होती. काचेवर रंगवलेले पुराणातले प्रसंग, दिवा, भिंग. काचा झटपट बदलून पडद्यावरचं पात्र हलवायचं आणि निवेदन तिथल्या तिथं. म्हणजे तिथंही हातच.

माझ्या लेझरच्या पेटीत दोन चिमुकले आरसे आहेत. एक किरणाला आडवा हलवतो, दुसरा उभा. ठिपका एकच, पण सेकंदाला तीसेक हजार जागा गाठतो, म्हणून डोळ्याला अख्खा मोदक दिसतो. कळ्या जास्त काढायला गेलं की मोदक लुकलुकतो. नवी पोरं तयार फाइल लावून चहाला जातात. डीजेच्या गाण्याला ते खपतं. आरतीला नाही. मंत्रपुष्पांजली जवळ आली की टाळ्या धावू लागतात, आणि फाइल मागं राहते. त्यात हवेत कण नसतील तर किरण दिसतच नाही. उल्हास नदीकडून वारा सुटला की त्यासाठी सोडलेला सगळा धूर पळतो. रिमझिम आली तर थेंबाथेंबावर किरण फुटतो. हे कुठल्या फाइलमध्ये भरणार?

किरण मात्र डोक्यांच्या वरच ठेवतो. डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारींनंतर २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मिरवणुकीत लेझरला बंदी केली, ती मला पटली. तरी पोरं म्हणतातच, ‘दादा, जरा खाली घ्या ना, व्हिडिओ भारी येतो.’ डोळ्याच्या पडद्याला इजा होईल म्हटलं तर हसतात. मोबाइलचा कॅमेरा जळेल म्हटलं, की लगेच मागं सरकतात.