‘सायन्स झेपणार नाही’ हे ठरवणारे कोण?

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांमध्ये एक सल्ला फिरू लागतो. “सायन्स झेपणार नाही, आर्ट्स घे. नाहीतर आयटीआय कर, लवकर कामाला लागशील.” सल्ला देणारे कधी शिक्षक असतात, कधी नातेवाईक, कधी प्रवेशाच्या खिडकीवरचा कारकून. प्रत्येकाचा हेतू वाईट असतो असे नाही. पण हा सल्ला कोणाच्या मुलांना मिळतो आणि कोणाच्या मुलांना मिळत नाही, याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे. निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यातील मुलाला पंचावन्न टक्के पडले तर त्याला क्लास लावला जातो. पत्र्याच्या खोलीतल्या मुलीला पंचावन्न टक्के पडले तर तिला तिची ‘कुवत’ सांगितली जाते.

भोसरी एमआयडीसीला लागून असलेल्या एका वस्तीत, विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही रात्रीचा वर्ग चालवतो. आमच्यात कोणी कंपनीत कामाला आहे, कोणी शिक्षक, कोणी कॉलेजात शिकणारे. वर्गाला येणारी मुले नेहमीच्या शाळेतून कधीतरी बाहेर पडलेली आहेत. कोणी रात्रशाळेत जाते, कोणी 17 नंबरचा फॉर्म भरलेला, कोणी मुक्त विद्यालयाचा. आई-बाप लातूर, नांदेड, परभणीकडून पोट भरायला इकडे आलेले. जाती विचारायची गरज पडत नाही. बौद्ध, मातंग, वडार, पारधी, गरीब मुस्लिम; हजेरीपटच सांगतो की ‘पर्यायी शिक्षण’ नावाची वाट कोणासाठी आखलेली आहे.

या वाटेवर सगळ्यात आधी गळते ते विज्ञान. रात्रशाळेला संध्याकाळचे जेमतेम अडीच-तीन तास मिळतात. भाषा आणि गणित उरकता उरकता वेळ संपतो. दहावीच्या विज्ञानाला 80 गुण लेखी आणि 20 गुण प्रात्यक्षिकाचे. पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांनी वर्षभरात प्रयोगशाळेचे दार पाहिलेले नसते. दुसऱ्याची प्रयोगवही उतरवून काढायची, सही घ्यायची, झाले प्रात्यक्षिक. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताचा शिक्षक सक्तीचा केला, पण तो कायदा चौदाव्या वर्षी संपतो. त्यापुढच्या वयात शाळा सुटलेल्या मुलाच्या विज्ञानाची जबाबदारी कोणावरच नाही.

मागच्या वर्षी वर्गात एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. दिवसा प्लेटिंगच्या शॉपमध्ये काम, रात्री 17 नंबरचा अभ्यास. दहावीच्या पुस्तकात ‘धातुविज्ञान’ नावाचा धडा आहे, त्यात विद्युत विलेपन येते. आम्ही बॅटरी, मोरचुदाचे पाणी, तांब्याची पट्टी आणि लोखंडी चमचा घेऊन प्रयोग करून दाखवला. चमच्यावर लाल थर चढला. तो म्हणाला, “दादा, हे तर आमच्या टाकीतलं काम आहे. मी रोज करतो. पण ऋण बाजूला पार्ट का लावायचा, हे आज कळलं.” मग त्याने विचारले, “टाकीवर जो पिवळा धूर येतो, त्याने नाकातून रक्त येतं का?”

क्रोम प्लेटिंगच्या टाकीत क्रोमिक आम्ल असते. त्याचे तुषार हवेत उडतात. त्यातील क्रोमियमने नाकाच्या आतील पडद्याला जखमा होतात, भोकही पडू शकते आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. टाकीवर हवा ओढून घेणारी यंत्रणा हवी, योग्य मास्क हवा. हे ज्याला कळते तो मालकाकडे मागणी करतो. ज्याला कळत नाही तो नाकाला रुमाल बांधतो. पॉवर प्रेसवर दोन हातांची बटणे का असतात, सेन्सर बंद करून उत्पादन वाढवले की बोटे का तुटतात, हेही याच विज्ञानात आहे. म्हणून आमच्या मुलांसाठी विज्ञान हा फक्त टक्केवारीचा प्रश्न नाही. तो नाक-डोळे-बोटे शाबूत ठेवण्याचा प्रश्न आहे.

ज्या भूमीवर हे घडते ती विज्ञानानेच उभी राहिली आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पेनिसिलिन इथे तयार होऊ लागले. पुढे एमआयडीसी आली, टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली, चाकणला जगभरातल्या गाड्यांचे कारखाने आले. आज चिंचवडला ऑटो क्लस्टरशेजारी महापालिकेचे सायन्स पार्कही आहे. विज्ञान आमच्या चारही बाजूंना आहे. आमची मुले त्याच्यात हेल्पर म्हणून उभी असतात. ‘कसे करायचे’ एवढेच त्यांना सांगितले जाते. ‘असे का होते’ हे सांगायची गरज कोणाला वाटत नाही. ब्राह्मणी व्यवस्थेने हजारो वर्षे हेच केले. हात एकाचे आणि ज्ञान दुसऱ्याचे.

जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’मध्ये ठणकावून सांगितले आहे. तरीही अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याकडून घेण्यासारखे बरेच आहे. बॉब मोझेस हे 1960 च्या दशकात मिसिसिपीत काळ्यांच्या मतदार नोंदणीसाठी लढलेले कार्यकर्ते. त्यांनी 1982 साली ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ सुरू केला. बीजगणित आले नाही तर मूल पुढच्या विज्ञान-तंत्रज्ञानातून कायमचे बाहेर फेकले जाते, म्हणून बीजगणित हा मताच्या हक्काइतकाच नागरी हक्क आहे, ही त्यांची मांडणी. दया म्हणून शिकवणी घेणे वेगळे आणि हक्क म्हणून मागणे वेगळे.

बाबासाहेबांनी ही मागणी त्याच्याही चाळीस वर्षे आधी केली होती. 1942 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे त्यात मांडले. देशातल्या शिक्षणासाठी वर्षाला 2 लाख आणि परदेशातल्या शिक्षणासाठी 1 लाख रुपये मागितले. त्याच निवेदनात सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी, हीही मागणी होती. म्हणजे बाबासाहेबांना प्रयोगशाळा आणि वर्कशॉप दोन्ही हवे होते. एकाच्या बदल्यात दुसरे नको होते.

आज मात्र बदल्यातच दिले जाते. ‘कौशल्य’ हा शब्द मोठा गोड आहे. नवीन शैक्षणिक धोरण 2020 सहावीपासून व्यवसाय शिक्षण आणि दहा दिवस ‘दप्तराविना’ कारागिरांबरोबर काम शिकण्याची भाषा करते. ‘शिका आणि कमवा’च्या नावाखाली आमची पोरे ट्रेनी म्हणून पूर्ण कामगाराचे काम करतात आणि शिकवायला कोणी येत नाही. 1953 साली मद्रासमध्ये राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा अशी योजना आणली होती. पेरियारांनी ती ‘कुलक्कल्वी’ म्हणून, म्हणजे जातीचा धंदा शिकवणारी म्हणून, हाणून पाडली. 1954 मध्ये कामराजांनी ती रद्द केली. आता बापाच्या धंद्याचे नाव कोणी घेत नाही. हेल्परच्या पोराला ‘स्किल’ देऊन पुन्हा हेल्पर करायचे, एवढाच फरक.

मग हाताच्या कामाला आमचा विरोध आहे का? अजिबात नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, विजेचे काम करता करता विज्ञान शिकतात. हाताने केलेल्या कामातून सिद्धांतापर्यंत जाता येते, हे त्यातून दिसते. आमचा आग्रह एवढाच की ही वाट सिद्धांतापाशी पोहोचली पाहिजे आणि तिथून पुढे अकरावी सायन्स, डिप्लोमा, इंजिनिअरिंगचे दार उघडे असले पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांच्या प्रयोगशाळा संध्याकाळी आणि रविवारी रात्रशाळेच्या, 17 नंबरच्या आणि मुक्त विद्यालयाच्या मुलांसाठी उघडा. प्रात्यक्षिकाचे तास ठरवून द्या, फक्त सही नको. चाकण-भोसरीच्या कंपन्यांनी सीएसआरच्या पैशातून दप्तरे वाटून फोटो काढण्यापेक्षा प्रयोगशाळेचा सहाय्यक नेमावा. ट्रेनी ठेवायचा असेल तर आठवड्यातून एक दिवस पगारी शिक्षण द्यावे.

आणि मित्रांनो, काही काम आपल्याही हातात आहे. आपल्या विहारांच्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांनी भरल्या आहेत. ते हवेच. पण हैदराबादला 2016 मध्ये आपण जो रोहित वेमुला गमावला, त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते, हे त्याच्या फोटोला हार घालताना आठवले पाहिजे. जोतिराव-सावित्रीबाईंनी 1855 मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा त्यांच्यापाशीही कोणाचा सीएसआर नव्हता. येत्या 14 एप्रिलला डीजेच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढा. त्यातून भिंगे, चुंबक, तारा, परीक्षानळ्या, एक मल्टिमीटर आणि साधा सूक्ष्मदर्शक आणा आणि विहारातल्या एका कपाटात ठेवा. कंपनीत काम करणाऱ्या आपल्याच डिप्लोमावाल्या दादाला, नर्सिंग शिकलेल्या ताईला रविवारचे दोन तास मागा. कपाटाची किल्ली मुलांच्या हातात द्या. काचेच्या दोन नळ्या फुटतील, फुटू द्या.

जय भीम!