चेंबरमधली ठिणगी

सुरतेत कोटिंगच्या मशीनवर आर्किंग सुरू झालं, म्हणजे मशीनच्या निर्वात चेंबरमध्ये ठिणग्या पडू लागल्या, की पहिला फोन पॉवर सप्लाय देणाऱ्या कंपनीला जातो. "सप्लाय सारखा ट्रिप मारतोय, माणूस पाठवा." माणूस येतो, कार्ड बदलतो, सेटिंग थोडं सैल करून जातो आणि काही बॅचनंतर पुन्हा तेच सुरू. माझं आयुष्य याच मशीनच्या देखभालीत गेलं आहे आणि पांडेसरा, सचिन, कडोदरा या औद्योगिक भागांतल्या शेठ लोकांना मी एकच गोष्ट सांगत आलो आहे. सप्लाय ट्रिप होतो तेव्हा तो आपलं काम चोख करत असतो. आत काहीतरी मळलंय, सैल झालंय, ओलं राहिलंय किंवा सुटून लोंबतंय, हे तो कळवत असतो. त्याला गप्प केलं म्हणून चेंबर सुधारत नाही.

सुरत म्हटलं की आपल्याकडे हिरे आणि साड्या आठवतात. ताप्ती लाइनच्या गाडीनं नंदुरबार-अमळनेरकडून येऊन उधना-लिंबायतमध्ये वसलेली आपली खानदेशी माणसं या दोन्ही धंद्यांत आहेतच. तिसरा जुना धंदा जरीचा. येवल्याच्या पैठणीला लागणारी जर सुरतेतून जाते. खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. तिचा निर्वाताशी काही संबंध नाही. पण रोजच्या वापराच्या साड्यांमध्ये, लेहंग्यांमध्ये, लेसच्या रिळांमध्ये जी चकाकी असते ती बहुतेक पॉलिस्टर फिल्मची असते आणि ती निर्वात चेंबरमधूनच बाहेर पडते. १२ मायक्रॉनची फिल्म रोलवरून सुटते, थंड ड्रमवरून धावते आणि खाली बोटींमध्ये उकळणाऱ्या ॲल्युमिनियमची वाफ तिच्यावर बसते. बोट म्हणजे बोरॉन नायट्राइड आणि टायटॅनियम डायबोराइड यांच्या मिश्रणाचा, खाच असलेला लांबट ठोकळा. त्यातून वीज सोडून तो १४०० अंशांच्या वर तापवायचा आणि वरून ॲल्युमिनियमची तार सोडत राहायची. बसलेला थर साधारण ३० ते ५० नॅनोमीटरचा. सोनेरी रंग त्याच्यावरच्या लॅकरचा. मग ती फिल्म बारीक चिरली जाते.

या मशीनमध्ये बोटीला व्होल्टेज थोडं आणि करंट प्रचंड, म्हणून आर्क होतो तो क्लॅम्पपाशी. क्लॅम्पच्या तोंडावर ॲल्युमिनियमचा रवा साचतो, बोटीचं टोक नीट टेकत नाही, आणि जिथे टेकत नाही तिथे ठिणगी पडून टोक खाल्लं जातं. दुसरा त्रास फिल्मचा स्वतःचा. थंडीत पॉलिस्टरचा स्वेटर काढताना चटचट आवाज होतो, तसंच फिल्म ड्रमवरून सुटताना होतं. फक्त इथे आजूबाजूला विरळ वायू असतो आणि फिल्मवर फांद्या फुटलेल्या बारीक रेषा उमटतात. चिरलेल्या धाग्यावर त्या काळपट ठिपके होऊन दिसतात आणि विणकर दोष देतो लॅकरवाल्याला.

माझा जास्त वेळ मात्र स्पटरिंगच्या मशीनवर जातो. इमिटेशन दागिने, घड्याळाचे पट्टे, दरवाजांची हँडल यांच्यावर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर चढवतात, त्या मशीनवर. चेंबर रिकामं करून थोडा आरगॉन सोडायचा, दाब मिलिबारच्या काही हजारांश. टायटॅनियमच्या टार्गेटला उणे ४००-५०० व्होल्ट द्यायचे. आरगॉनचे आयन टार्गेटवर आदळतात, टायटॅनियमचे अणू उडतात, सोबत सोडलेल्या नायट्रोजनशी जुळून जॉबवर, म्हणजे कोटिंग करायच्या वस्तूवर, बसतात. सगळं ठीक असेल तर टार्गेटसमोर निळसर-जांभळा प्रकाश शांत पसरलेला दिसतो, करंट मोठ्या क्षेत्रावर वाटला गेलेला असतो. आर्क झाला की हाच करंट काही मायक्रॉनच्या एका ठिपक्यात घुसतो. व्होल्टेज एकदम काही दहा व्होल्टवर कोसळतं, त्या ठिपक्यातली धातू वितळून उकळते आणि तिचे थेंब जॉबवर जाऊन आपटतात. तो थेंब पुढे निघून पडतो आणि सुईच्या टोकाएवढं छिद्र उरतं. घामाचं मीठ तिथूनच आत शिरतं.

फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडलेला नियम कळला की निम्मं काम सोपं होतं. वायूमधून वीज कधी उडी मारेल हे फक्त व्होल्टेजवर ठरत नाही, तर दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. नेहमीच्या हवेत एक सेंटिमीटरची उडी मारायला सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात. दाब कमी करत गेलात की हा आकडा घसरत जातो आणि साधारण १ मिलिबारला, सात-साडेसात मिलिमीटरच्या अंतरावर, अवघे ३३० व्होल्ट पुरतात. त्याहून दाब कमी केला की आकडा पुन्हा झपाट्यानं चढतो, कारण आता इलेक्ट्रॉनला वाटेत धडकायला कुणी भेटतच नाही. धडक नाही म्हणजे नवे इलेक्ट्रॉन सुटणं नाही, आणि ते नाही तर उडी नाही.

म्हणूनच टार्गेटच्या कडेनं बसवलेली अर्थ केलेली शील्ड टार्गेटपासून दोन-तीन मिलिमीटरवरच ठेवतात. स्पटरिंगच्या दाबाला वायूचा एक रेणू दुसऱ्याला भेटेपर्यंत दोनेक सेंटिमीटर जातो. दोन-तीन मिलिमीटरच्या फटीत वीज पेटायला जागाच नाही. हवेत काम करून तयार झालेला इलेक्ट्रिशियन ही फट पाहून घाबरतो आणि चांगल्या हेतूनं ती वाढवून ठेवतो. मग टार्गेटच्या पाठीमागे, जिथे कुणाचं लक्ष नसतं तिथे, वीज पेटते आणि मागचा इन्सुलेटर काळा पडतो. चेंबरच्या आत अंतर वाढवणं म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे मी प्रत्येक नव्या मुलाला फीलर गेज हातात देऊन दाखवतो.

त्या फटीचा खरा शत्रू पापुद्रा. शील्डवर बॅचमागून बॅच थर चढतो, गरम-थंड होऊन तडकतो, आणि नखाएवढा तुकडा सुटून नेमका फटीत आडवा बसतो. शील्ड काढून सँड ब्लास्ट करायची पद्धत बरोबर आहे. खरखरीत पृष्ठभागावर पुढचा थर घट्ट धरतो. पण ब्लास्टिंगची वाळू म्हणजे ॲल्युमिनाचे दाणे, आणि ॲल्युमिना विजेचा पक्का दुर्वाहक. हवेच्या फवाऱ्यानं झटकून शील्ड परत बसवली तर खाचांत अडकलेले दाणे आयनांचा भार साठवतात आणि फुटतात. शील्ड अल्ट्रासॉनिक टाकीत धुतली पाहिजे, भट्टीत वाळवली पाहिजे आणि पांढऱ्या कापडानं पुसून कापड पाहिलं पाहिजे.

दाण्यावर जे घडतं तेच टार्गेटवर जमलेल्या दुर्वाहक थरावर घडतं. टायटॅनियम नायट्राइड वीज वाहतं, म्हणून शुद्ध नायट्रोजनवर काम बरं चालतं. पण पाण्याची बारीक गळती असेल तर टायटॅनियमचा ऑक्साइड होतो आणि तो भार धरून बसतो. ॲल्युमिनियम किंवा सिलिकॉनचं टार्गेट ऑक्सिजनवर चालवणाऱ्यांना हा त्रास रोजचाच. त्यावर पल्स डीसी सप्लाय हा खरा तोडगा आहे: सेकंदाला हजारो वेळा, काही मायक्रोसेकंदांपुरतं, टार्गेट धन करायचं, म्हणजे इलेक्ट्रॉन येऊन साठलेला भार पुसून टाकतात. हे तंत्र मी मनापासून मानतो. तरी गळती शोधण्याऐवजी पल्स सप्लाय विकत घेणारे कारखाने मी पाहिले आहेत आणि तिथला थर फिकट, तपकिरीच निघतो.

सचिनच्या एका कारखान्यात बायसचा, म्हणजे जॉबला उणे व्होल्टेज देणारा, सप्लाय हीटर लागल्यावर थोड्या वेळानं ट्रिप व्हायचा. माल न भरता चेंबर चालवलं तर सगळं शांत. जिगला टांगलेली पितळी हँडल मी भिंगाखाली धरली. बाहेरचा भाग आरशासारखा स्वच्छ, पण स्क्रूच्या आंधळ्या छिद्राच्या ओठावर केसाएवढी जळकी रेष आणि तिच्याभोवती निळसर वलय. आधी केलेल्या निकेल-क्रोम प्लेटिंगचं पाणी आट्यांमध्ये खोल बसून राहिलेलं होतं. हीटरनं त्याची वाफ झाली, छिद्राच्या तोंडाशी दाब क्षणभर वाढला आणि तो पाशेनच्या धोक्याच्या पट्ट्यात गेला. चेंबरचा गेज भिंतीवर असतो, त्याला या वाफेचा पत्ताही लागत नाही. गरम पाण्याची धुलाई, आट्यांत कोरड्या हवेचा झोत आणि लोड करण्याआधी ओव्हनमध्ये शेक, एवढ्यानं प्रश्न मिटला. प्लेटिंगवाला आणि कोटिंगवाला वेगवेगळ्या गाळ्यांत बसतात, म्हणून असे दोष लवकर सापडत नाहीत.

पावसाळ्यात हाच पाण्याचा खेळ सगळ्या चेंबरभर चालतो. समुद्र जवळ, तापी शेजारी, जून ते सप्टेंबर हवा ओली. भिंतीवरचा जुना थर सच्छिद्र असतो. दार उघडलं की तो पाणी पितो आणि पंप तासन्‌तास ते ओढत बसतो. दार उघडण्याआधी चेंबरच्या भिंतीच्या जॅकेटमध्ये कोमट पाणी फिरवावं म्हणजे भिंतीला घाम सुटत नाही, चेंबर कोरड्या नायट्रोजननं भरावं, माल आधीच जिगवर लावून तयार ठेवावा. आणि नेहमीच्या दाबाला यायला किती वेळ लागला ते रोज वहीत लिहावं. महागडं कुठलंही यंत्र न घेता मिळणारी ही सगळ्यांत खरी माहिती आहे. तो वेळ वाढलेला असेल तर टार्गेटला वीज देऊ नये.

एका बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. बॅच लवकर निघावी म्हणून दाराचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडताच वीज तोडणारा स्विच, तार बांधून कायमचा चालू ठेवलेला मी पाहतो. स्विच बंद केला तरी सप्लायच्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार उरू शकतो. अर्थची काठी टार्गेटवर टेकवून, तिथेच अडकवून, मगच हात आत घालायचा. आत हात घालणारा हेल्पर बहुतेक वेळा नुकताच गावाहून आलेला, विशीतला पोरगा असतो. त्याला हे त्याच्या भाषेत सांगण्याची जबाबदारी शेठची आहे, तशी माझ्यासारख्याचीही.

दिवाळीची सुट्टी लागली की सुरतेतले कारखाने लाभपाचमेपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, बंद राहतात. जाताना चेंबर उघडं टाकू नये. स्वच्छ करून, निर्वात ओढून, व्हॉल्व्ह बंद करून जावं आणि टार्गेटच्या थंडाव्याचं पाणी काढून टाकावं. लाभपाचमेच्या मुहूर्ताला शेठला पहिली बॅच चमकदार निघालेली हवी असते, हे मला माहीत आहे. पण इतके दिवस पडून राहिलेल्या टार्गेटवर ऑक्साइड आणि ओलावा असतोच. टार्गेटसमोरचं शटर बंद ठेवून थोड्या पॉवरवर सुरुवात करावी, आर्कचा काउंटर शांत होईल तशी पॉवर पायरीपायरीनं वाढवावी, मध्ये घाई करू नये. मुहूर्ताची बॅच ही टार्गेट घासण्याची बॅच समजावी आणि ग्राहकाचा माल दुसऱ्या दिवशी भरावा.